फेब्रुवारीत उतरणारी मुलं आणि वणवा

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचं वर्ष फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतं. म्हणजे पुणे, नागपूर, कोल्हापूरहून निघालेली आपली मुलं मेलबर्न, सिडनी, कॅनबेराला पोहोचतात ती ऐन वणव्याच्या मोसमात. व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसांचा बळी घेणारा 'ब्लॅक सॅटर्डे' ७ फेब्रुवारी २००९चा. पहिल्या आठवड्यात बँक खातं, सिमकार्ड, भाड्याची खोली या धांदलीत वणव्याची माहिती कानावरून जाते आणि विसरली जाते. म्हणून आजचं बोलणं इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांशी, विद्यापीठात काम करणाऱ्यांशी आणि तिकडे घरी बसलेल्या आईवडिलांशी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सह्याद्रीतला वणवा बहुधा गवत आणि पाचोळ्यावरून सरकतो. गावकरी झाडाच्या फांद्यांनी तो झोडपून विझवतात. मुलांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असतं. इथलं रान निलगिरीचं. तिच्या पानांत तेल असतं, सालीच्या लांब पट्ट्या पेटतात आणि वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. ज्वाळा दिसतही नसताना पन्हळीतला सुका पाला पेटतो आणि घर जातं. चढावर दर दहा अंशांना आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे 'आग दिसली की निघू' हा विचार जीवघेणा आहे. विझवायला थांबणं तर नाहीच.

मुलाला पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी पाठ करायला लावा: आपल्या खोलीचा पूर्ण पत्ता आणि जवळचा चौक, आपला अग्निधोका विभाग (रोजचा वणव्याचा धोका ज्या भागासाठी जाहीर होतो तो), आणि निघायचं ठरलं तर कोणाकडे जायचं ते घर. तिसऱ्या गोष्टीसाठी तुम्हीच पुढे व्हा. विद्यार्थ्याकडे गाडी नसते आणि वणव्याचा धोका मोठा असलेल्या दिवशी गावाकडच्या रेल्वेगाड्या रद्द होऊ शकतात. 'अमुक दिवशी सकाळी आठला मी घ्यायला येतो' एवढं आधी ठरलेलं असलं की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

तो दिवस ओळखायचा कसा? धोक्याच्या पायऱ्या चार: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. ही पद्धत सप्टेंबर २०२२पासून देशभर एकच आहे. कॅटॅस्ट्रॉफिक म्हटलं की रानालगतच्या जागेतून आदल्या रात्री किंवा पहाटेच निघायचं. प्रत्यक्ष आगीचे इशारे वेगळे आणि ते तीन: पिवळा ॲडव्हाइस, केशरी वॉच अँड ॲक्ट, लाल इमर्जन्सी वॉर्निंग. नव्या मुलाला 'वॉच' म्हणजे बघत राहा असं वाटतं. तसं नाही, परिस्थिती बदलते आहे, आत्ताच हालचाल करा, असा तो इशारा आहे. लाल इशाऱ्यापर्यंत थांबलं तर कधी कधी निघायची वेळ उलटून गेलेली असते, आणि उशिरा धुरातून गाडी हाकणं हे फार धोक्याचं. व्हिक्टोरियात 'व्हिक इमर्जन्सी', न्यू साऊथ वेल्समध्ये 'हॅझर्ड्स नियर मी' ही ॲप फोनवर हवीत. पण एकट्या फोनवर भिस्त ठेवू नका. २०१९-२०च्या वणव्यांत मोबाइल सेवा कोलमडली ती मुख्यतः टॉवरची वीज गेल्यामुळे. सेलवर चालणारा लहान रेडिओ घ्या आणि त्यावर एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेचं स्थानिक केंद्र लावून ठेवा.

आणखी एक धोका वाऱ्याचा. व्हिक्टोरियात आधी उत्तरेकडून कोरडा गरम वारा येतो, आग त्यासोबत लांब, अरुंद पट्ट्यात पळते. संध्याकाळी नैर्ऋत्येचा गार वारा सुटतो. हवा गार झाली म्हणून लोक निश्चिंत होतात, आणि तेवढ्यात त्या पट्ट्याची लांबच्या लांब पूर्वेकडची बाजू आगीची आघाडी होऊन पुढे सरकते. ब्लॅक सॅटर्डेला अनेक जीव वारा फिरल्यानंतर गेले.

दाराजवळ पिशवी तयार असावी: पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, आरोग्य विम्याचं कार्ड, औषधं, चार्जर, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम (वीज गेली की कार्ड चालत नाही), लोकरीचं ब्लँकेट, आणि माणशी रोज तीन लिटर पाणी, तीन दिवसांचं. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लोकरी कपडे. जिमच्या पॉलिस्टरच्या पँटी नकोत. त्या वितळून कातडीला चिकटतात.

आता धूर. हा आगीपासून शेकडो किलोमीटर दूरच्या वसतिगृहातही पोहोचतो. जानेवारी २०२०मध्ये कॅनबेराची हवा इतकी बिघडली की ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीला परिसर बंद ठेवावा लागला. कापडी मास्क आणि ओढणीतून धुराचे सूक्ष्म कण आत जातात. पी-टू किंवा एन-९५ मास्क घ्या, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असली तर कडेने हवा शिरते. छतावरचा पाण्याचा कूलर बंद करा, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. एसी असेल तर आतलीच हवा फिरवण्यावर ठेवा. दम्याच्या मुलाला निळा पंप (झटक्यात लगेच आराम देणारा) औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. झटका आला तर बसवायचं आणि स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) चार फवारे द्यायचे; एकेक फवारा, प्रत्येकानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबून फरक नसेल तर ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन आणि पुन्हा चार फवारे. दम लागून बोलताच येत नसेल तर ०००ला आधी फोन करा. इंग्रजी अडलं तर आपल्या भाषेचं नाव सांगा, दुभाष्या जोडून देतात.

प्राध्यापक मंडळींना विनंती, वणव्यामुळे परीक्षा किंवा काम चुकलेल्या मुलाकडे पुरावा मागताना विचार करा. घर सोडून निघालेल्याकडे कागद नसतात; त्या पत्त्याच्या इशाऱ्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट पुरेसा धरावा. स्पेशल कन्सिडरेशनचा, म्हणजे अडचणीमुळे सवलत मागण्याचा, अर्ज बहुतेक ठिकाणी परीक्षेनंतर थोड्याच दिवसांत करावा लागतो. निवारा केंद्रात बसलेल्या मुलाला ती मुदत आठवत नाही, तुम्ही आठवण करा. आणि कोणीही घाबरून न सांगता वर्ग सोडून भारतात परतू नये. विद्यार्थी व्हिसा नोंदणीशी बांधलेला असतो. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी रजा मंजूर करून घ्यावी. सरकारची आपत्ती मदत सहसा नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळते, म्हणून विद्यापीठाच्या तातडीच्या निधीची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

आईवडिलांनो, आग सर्वात भडकते ती इथल्या दुपारी तीन ते सात, म्हणजे उन्हाळ्यात मेलबर्न-सिडनीच्या हिशोबानं तुमच्याकडे सकाळी साडेनऊ ते दीड. तेव्हा सारख्या फोनांनी मुलाची बॅटरी संपते. घरातल्या एकानंच संपर्क ठेवावा, तोही एसएमएसनं. कॉल लागत नाही तेव्हा मेसेज जातो. मूल निवारा केंद्रात गेलं असेल तर तिथे रेडक्रॉसकडे नाव नोंदवायला सांगा, म्हणजे फोन बंद पडला तरी चौकशी करता येते.