दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडकीशी येईपर्यंत

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत 'लंडन : गुन्हेगारी, आपत्ती आणि समाजबदल' असा विषय छापला आहे आणि पाऊण तासात तिन्हींना न्याय देण्याचे मी कबूल करून बसलो आहे. एकेकाळी स्वतःच राजधानी असलेल्या या करवीरनगरीत, म्हणजे आपल्या कोल्हापुरात, दुसऱ्या राजधानीची उणीदुणी काढण्यात थोडी मजा आहे, ती मी आज पुरेपूर लुटणार आहे. माझे म्हणणे एवढेच की, राजधानीत किती माणसे मेली यावर तेथील सुधारणेचा वेग ठरत नाही. संकट राज्यकर्त्यांच्या उंबरठ्याच्या किती जवळ आले, यावर तो ठरतो.

पटकीचेच, म्हणजे कॉलऱ्याचेच पाहा. १८३२ मध्ये ती लंडनमध्ये पहिल्यांदा आली. १८४८-४९ च्या साथीत चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली, १८५३-५४ मध्ये आणखी दहा हजारांहून अधिक. दुर्गंधीयुक्त हवेमुळे रोग होतो, अशी तेव्हाच्या शहाण्यासुरत्या लोकांची पक्की समजूत होती. त्यामुळे घराघरांतील शोषखड्डे बंद करून सगळा मैला गटारांवाटे थेम्स नदीत सोडण्याचा उपाय निघाला, आणि त्याच नदीचे पाणी अनेक कंपन्या नळाने लोकांना पाजत होत्या. आपल्या कोल्हापुरातील जयंती नाल्याकाठच्या रहिवाशांना हे फार विचित्र वाटणार नाही.

आता १८५४ च्या, लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याकडे येतो. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून एकाच साच्यात सांगितली जाते : डॉ. जॉन स्नो यांनी तेथील पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक हातपंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. माझी तक्रार या साच्याबद्दल आहे. ३१ ऑगस्टच्या रात्री सोहोच्या त्या वस्तीत साथ भडकली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. दांडा निघाला तो ८ सप्टेंबरला. तोपर्यंत निम्मीअधिक वस्ती घरेदारे सोडून पळाली होती आणि साथ ओसरू लागली होती. ही गोष्ट खुद्द स्नो यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवली आहे.

स्नो यांचे खरे कर्तृत्व पाण्याचा माग काढण्यात आहे. ते भूल देणारे डॉक्टर होते. आदल्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्यांनी क्लोरोफॉर्म दिला होता. म्हणजे राजवाड्यात ज्याच्यावर जीव सोपवला, त्याच्या बोलण्यावर गटाराच्या बाबतीत मात्र कोणी विश्वास ठेवेना. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरेक कामगार होते आणि त्यांच्यातला एकही पटकीने मेला नाही, कारण त्यांना बिअर मिळत असे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. मागच्या रांगेतील काही मंडळींच्या चेहऱ्यावर या माहितीने जे तेज आले आहे ते मला येथून दिसते आहे. बिअर करताना पाणी उकळले जाते, एवढे त्यांनी घरी सांगताना गाळू नये.

याउलट लंडनच्या दूरच्या हॅम्पस्टेड भागातली एक विधवा. तिच्या पतीचा कारखाना ब्रॉड स्ट्रीटवर होता. ती दूर राहायला गेली, पण त्याच पंपाच्या पाण्याची चव तिच्या जिभेवर होती, म्हणून रोज गाडीतून तिच्यासाठी त्या पाण्याची मोठी बाटली जात असे. ते पाणी पिऊन ती गेली. भेटीला आलेली तिची भाची इझ्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. हॅम्पस्टेडमध्ये त्या वेळी पटकी नव्हती, आणि भाचीच्या वस्तीतही नव्हती. हवा दोषी असती तर ती गाडीत बसून एवढ्या लांब, नेमकी एकाच घरी कशी गेली असती?

तरीही वरच्यांना पटले नाही. पटले ते हेन्री व्हाइटहेड या तिथल्याच तरुण पाद्र्याला, आणि तो तर स्नो यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी घरोघर फिरत होता. त्याला चाळीस क्रमांकाच्या घरातले लुईस कुटुंबाचे तान्हे मूल सापडले. साथ भडकण्याआधीच ते आजारी पडले होते, आणि त्याची आई त्याची दुपटी धुऊन ते पाणी घराच्या तळघरातील शोषखड्ड्यात ओतत असे. खणून पाहिले तेव्हा त्या खड्ड्याच्या भिंती ढासळलेल्या निघाल्या आणि पंपाची विहीर जेमतेम तीन फुटांवर. पुढचा भाग कोणी सांगत नाही. त्या बाळाचा बाप पोलीस शिपाई होता. तो आजारी पडला ८ सप्टेंबरला, म्हणजे ज्या दिवशी दांडा निघाला त्याच दिवशी, आणि अकरा दिवसांनी मेला. दांडा जागेवर असता तर त्याच खड्ड्यातून साथ दुसऱ्यांदा उसळण्याचा धोका होता. दांड्याचे श्रेय आहे ते हे. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे बुडून नदीला पूर आणि नळाला थेंब नाही अशा अवस्थेत टँकरच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या शहराला तरी ही गोष्ट नीट सांगितली गेली पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि गुन्हेगारीला मी अजून हातही लावलेला नाही, म्हणून आता धावतच जावे लागेल.

१८५८ चा जून महिना. प्रचंड उकाडा, आटलेली थेम्स, आणि तिच्या अगदी काठावर पार्लमेंटची नवी इमारत. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये बुडवून टांगले, तरी सभासदांना नाकाला रुमाल लावून पळावे लागले. अभियंते जोसेफ बॅझलजेट यांची भुयारी गटारांची योजना पैशावरून आणि मैला नेमका कोठे सोडायचा यावरून दोन वर्षे रखडली होती; आता मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला तिच्यासाठी कायदा झालाही. एवढे मृत्यू जे करू शकले नाहीत, ते एका उन्हाळ्याच्या घाणीने केले. स्नो मात्र त्याच जूनमध्ये वारले. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली तेव्हा तिने मुख्यतः पूर्व लंडनला गाठले, कारण गरिबांच्या त्या भागाची गटारे अजून नव्या योजनेला जोडायची राहिली होती.

गुन्ह्यांचेही तेच. डिसेंबर १८११ मध्ये रॅटक्लिफ हायवेवर, गोदीच्या गरीब वस्तीत, बारा दिवसांत दोन घरांतील सात माणसांची हत्या झाली. देशभर हाहाकार उडाला, पण शहराला एकसंध पोलीसदल मिळायला १८२९ उजाडले. उलट जुलै १८६२ मध्ये सभागृहातून परतणाऱ्या एका खासदाराला पॉल मॉल या उच्चभ्रू रस्त्यावर गळा आवळून लुटले, तेव्हा वर्षभरात अशा चोरांना फटके मारण्याचा कायदा झाला. गृहमंत्र्यांचा त्याला विरोध होता, आणि तो होईपर्यंत असे प्रकार बहुतांशी थांबलेही होते.

१८८८ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये बायकांचे खून पडू लागले तेव्हा जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून टोला हाणला की, आम्ही समाजवादी व्याख्याने देत बसलो आणि एका अज्ञात खुन्याने पूर्व लंडनच्या दारिद्र्याकडे सगळ्यांचे लक्ष वेधले. व्याख्यात्यांना हा टोला अजूनही लागू आहे. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडन काउंटी कौन्सिलने जवळचीच ओल्ड निकोल ही झोपडपट्टी पाडली आणि तेथे लाल विटांच्या देखण्या इमारती उभ्या केल्या. १९०० मध्ये युवराजांच्या हस्ते उद्घाटन झाले. हलवलेली माणसे होती ५,७१९, आणि नव्या घरांत राहायला आलेली जुनी माणसे अवघी अकरा. बाकीच्यांना ते भाडे परवडणारे नव्हते, म्हणून ती शेजारच्या तितक्याच दाटीच्या गल्ल्यांत शिरली आणि तेथील मालकांनी लगोलग भाडी वाढवली.