काच पुसली आणि प्लाझ्मा तापला

बसा बसा, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, मी चावत नाही. पत्रिकेत विषय छापलाय ‘आर्कजेटची वीज जाते कुठे’, तिकडे येतोच, पण आधी एक जुनं दुखणं.

आर्कजेट म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहितीये. टंगस्टनचा कॅथोड, भोवती नॉझल तोच अॅनोड, मधे आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटवायची आणि त्यातून गॅस सोडायचा; तो इतका तापतो की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, तोच प्लाझ्मा. वेल्डिंगवाल्याचंच काम, फक्त पत्रा जोडायच्या ऐवजी उपग्रह ढकलायचा. 1993 साली टेलस्टार 401 या उपग्रहावर हायड्राझीन या इंधनाचे आर्कजेट गेले तेव्हापासून हे नुसतं लॅबचं खेळणं राहिलं नाही.

आता आर्कच्या गाभ्यात तापमान 10,000 केल्विनच्या वर, आणि टंगस्टन 3,700 च्या आतच पाणी होतं, मग मोजणार कशाने? उजेड बघायचा. आमच्या लॅबमध्ये हायड्राझीन नव्हतं, नायट्रोजन-हायड्रोजनचं मिश्रण वापरायचो. व्हॅक्यूम टँकच्या काचेतून हायड्रोजनच्या दोन रेषा, म्हणजे उजेड रंगांत फोडला की दिसणारे ठराविक रंग, बघायच्या, 656 नॅनोमीटरची लाल आणि 486 ची निळी, त्यांच्या तेजाच्या गुणोत्तरावरून तापमान. तर रोज ते तापमान थोडं थोडं उतरायला लागलं. तीन आठवडे! सर म्हणाले कॅथोड झिजतोय, मी त्यावर दहा पानं लिहिली, ग्राफ इतका देखणा की फ्रेम करावा.

मग कॅथोड बदलायला टँक उघडला तेव्हा आमच्या लॅबच्या मामांनी, कोणी न सांगता, काच आतून अॅसिटोनने पुसली. बोळा चहाच्या रंगाचा निघाला. पंपाच्या तेलाची वाफ बसली होती हो, आणि असला तपकिरी थर निळा उजेड जास्त खातो. पुढच्या रनला तापमान पहिल्या दिवसाइतकं. सर म्हणाले नवा कॅथोड! मी मामांकडे बघितलं, मामा खिडकीबाहेर.

माझं म्हणणं एवढंच, की निळ्या रेषेची रुंदी सगळे तीन आठवडे तेवढीच होती आणि आम्ही तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनमुळे रेषा पसरते, स्टार्क परिणाम, त्यावरून इलेक्ट्रॉन किती दाट ते कळतं. काच मळली तर रेषा फिकी होते, अरुंद नाही होत. प्लाझ्मा खरंच थंड झाला असता तर इलेक्ट्रॉन घटले असते आणि रुंदीही घटली असती. तेज फसवतं, रुंदी सहसा नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, वीज. शंभरातले तीस-पस्तीस भाग थ्रस्टला, म्हणजे ढकलायला. काही उष्णता अॅनोडमध्ये जाते, पण मोठा चोर वेगळाच, रेणू तोडण्यात आणि आयन करण्यात, म्हणजे इलेक्ट्रॉन काढण्यात, गेलेली ऊर्जा. हायड्रोजनचा रेणू फोडायला 4.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, तो नॉझलमध्ये परत जुळला तर पैसे वसूल, पण जुळायला तिसरा कण मधे लागतो आणि तिथे गॅस इतका विरळ, इतका घाईत की तसेच सुटे अणू बाहेर. नॉझल लांब करा म्हणाल तर भिंतीशी घर्षण वाढतं.

रुंदीचा ग्राफ शेवटच्या स्लाइडवर आहे, चहा घेता घेता बघा. प्रोजेक्टरची काच मी सकाळीच पुसलीये.