पाठीवर की कॅरिअरवर?

नमस्कार श्रोतेहो.

नेरुळहून महापेला सायकलने कामावर जायचं ठरवलं, तेव्हा मला धास्ती होती ती ट्रकांची. तुर्भ्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादा कंटेनर शेजारून गेला की त्याच्या वाऱ्यानेच सायकल हलते. लॅपटॉपचा विचार मनातही आला नव्हता. तो आपला नेहमीच्या सॅकमध्ये, पाठीवर. दिवस मे महिन्याचे. ऑफिसात पोचून सॅक उघडली, तर लॅपटॉपचं कव्हर दमट! पावसाचा थेंबही पडलेला नव्हता. तो माझाच घाम होता, पाठीकडच्या फोममधून झिरपत आत गेलेला. खाडीकाठची आपली हवा, त्यात नऊ-दहा किलोमीटर सायकल. घाम वाळत तर नाहीच, वर तो खारट. लोखंडी खिळ्याचं जे होतं, तेच लॅपटॉपच्या आतल्या बारीक जोडण्यांचंही व्हायचं.

म्हणून सॅकच घ्यायची असेल तर तिची पाठ आधी बघा. फोमच्या दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये हवेला वाट, अशी रचना हवी. छातीवर आणि कमरेला पट्टा हवा, नाहीतर खड्डा चुकवताना सॅक एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे जाता. एका खांद्यावरच्या लांब पट्ट्याच्या बॅगेचा नाद तर सोडूनच द्या. ती नेमकी सिग्नलला वळताना घसरून पोटावर येते.

मात्र सॅकची एक गोष्ट मी कबूल करीन. खड्डे झेलण्यात आपल्या पाठीसारखं दुसरं काही नाही. कोपर आणि गुडघे जरा सैल ठेवले की निम्मा दणका अंगातच जिरतो. कॅरिअरवर लटकवलेल्या बॅगेला ही सोय नाही, चाकाला बसलेला धक्का तिला तसाच पोचतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर तो पाठीवरच न्या. हल्लीच्या एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, तिला हादऱ्याची तेवढी भीती नाही. पण निघताना लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटलं तर तो कधीकधी आतल्या आत चालू राहतो आणि जाड फोममध्ये तापत बसतो.

घामाला कंटाळून मी शेवटी कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग घेतली. सायकलवाले तिला पॅनिअर म्हणतात. नाव नवं वाटेल, पण युक्ती आपल्या दूधवाल्याची. कॅरिअरला आकडे, आकड्यांना किटल्या, आणि वजन चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली. वजन जितकं खाली, तितकी सायकल कमी डुलते.

दुकानात जाताना दोन गोष्टी बरोबर न्या, लॅपटॉप आणि सायकल. १५.६ इंच हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं असतं, त्यावरून बॅगेचा अंदाज येत नाही. लॅपटॉप बॅगेत ठेवा आणि बॅग काउंटरवर अलगद टेकवा. 'टक्' असा आवाज आला, तर लॅपटॉप तळाला टेकतोय. चांगल्या बॅगेत त्याचा कप्पा तळापासून बोट-दोन बोटं वर शिवलेला असतो, म्हणजे तो झोळीतल्या बाळासारखा अधांतरी राहतो.

मग बॅग सायकलला लावा आणि पेडल उलटं फिरवून बघा. टाच बॅगेला लागली, तर आकडे सरकवून बॅग मागे नेता येते का ते विचारा. आकडा कॅरिअरच्या नळीवर सैल बसत असेल तर रोज खडखड ऐकावी लागेल. त्यावर इलाज फुकटात आहे. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी घ्या आणि नळीवर गुंडाळा. आणि हो, कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकं आहेत का, ते सगळ्यात आधी तपासा. हे मी सगळ्यात शेवटी तपासलं होतं.

आता पाऊस. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. कापड बहुतेक वेळा ठीकच असतं, पाणी शिरतं ते शिवणीतून आणि चेनमधून. बॅग पाणी किती अडवते, हे आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर ते शिंतोड्यांपुरतं, आणि आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं, आणि पाठीवरून ओघळलेलं पाणी त्याच्याच तळाशी साचतं. मागच्या चाकाला मडगार्ड नसेल तर खालून चिखल येतो तो वेगळा.

जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीब यांनी १९८२ मध्ये सायकलच्या बॅगा बनवण्याचा उद्योग सुरू केला, तो ट्रकवर घालतात तसल्या ताडपत्रीच्या कापडातून. आज अशा बॅगांचे जोड टाके घालून शिवत नाहीत, उष्णतेने चिकटवतात. तोंडाला चेन नसते, धान्याच्या पिशवीसारखं ते तीन-चार वेळा गुंडाळून बक्कल लावायचं. ज्या ट्रकांना मी घाबरत होते, त्यांचीच ताडपत्री माझा लॅपटॉप कोरडा ठेवते, याची मला अजून गंमत वाटते. तरीही जुलैत लॅपटॉप मी आणखी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते.

बॅग मी डाव्या बाजूला लावते, गाड्या उजवीकडून जातात म्हणून. यात एक फसगत आहे, ती मी भोगली. साइड स्टँड डावीकडे, सायकल कलते डावीकडे आणि वजनही डावीकडे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढायला वळले, तर मागे धाडकन आवाज, आणि लॅपटॉप सायकलखाली. कोपऱ्याला पोचा आला, नशिबाने तेवढ्यावरच भागलं. आता आधी बॅग काढते, मग स्टँड लावते.

परवा जुईनगरच्या सिग्नलला एक दूधवाले शेजारी थांबले. माझ्या बॅगेकडे बघत म्हणाले, "ताई, एकाच अंगाला कशाला? गाडी ओढत असेल ना तिकडं?" ओढत होती. मी इतके महिने हँडलला दोष देत होते. आता उजव्या बाजूला एक साधी पिशवी असते, तिच्यात डबा, चार्जर आणि पाण्याची बाटली.