टाकीखालची वायर

(सकाळ. पत्र्याची शेड. शटर वर जाण्याचा आवाज. मधल्या स्टँडवर उभी मोटरसायकल.)

पुण्याच्या कर्वेनगरातलं हे गॅरेज रोज नवाला उघडतं. आज मेकॅनिक काकांनी साडेसातलाच शटर वर केलंय. काम दिवसभराचं आहे, आणि मध्ये गिऱ्हाईक आलं की हातातला स्क्रू कुठे ठेवला ते लक्षात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

समोर उभी आहे ती माझी हिमालयन. ४११ सीसी, १५ लिटरची टाकी, पुढे २१ इंची चाक. रॉयल एनफिल्डने ही गाडी २०१६ मध्ये आणली. मी घेतली तेव्हा घरच्यांनी विचारलं होतं, एवढी उंच गाडी तुला झेपेल का? आता तीच माणसं विचारतात, यंदा कुठे?

यंदा हिमाचलमधली स्पिती. सप्टेंबरच्या शेवटी. वाटेत साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड आहे, पहाटे बोटं बधिर करणारी थंडी आहे, आणि मोबाइलमधला नकाशा दिवसभर चालू ठेवायचा आहे. म्हणून गाडीला तीन गोष्टी बसवायच्या: दोन फॉग लाइट, एक यूएसबी चार्जर आणि मुठी गरम ठेवणारे हीटेड ग्रिप.

फॉग लाइट हिला आधीही होते. ते का काढावे लागले, ते आधी सांगायला हवं.

(पाऊस. घाटातला रस्ता. वायपरचा आवाज.)

मागल्या जुलैतली गोष्ट. ताम्हिणी घाट, संध्याकाळचे सात. धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा हाकेच्या अंतरावर आल्यावर दिसायचा. एका वळणावर हँडल पूर्ण डावीकडे घेतलं आणि जळका वास आला. मग हँडलच्या खालून धूर. फॉग लाइट विझले. गाडी कडेला घेतली, सीट उचकटली आणि बॅटरीवरून आलेली ती वायर पक्कडीत धरून ओढून तोडली. हातमोजा होता म्हणून बोटं वाचली.

ते लाइट मी एका दुकानातून बसवून घेतले होते. चाळीस मिनिटांत काम झालं होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. एकही पॅनल उघडलं नव्हतं. वायर टाकीच्या कडेने बाहेरूनच नेलेली, जॉइंट पिळून वर टेप गुंडाळलेली, आणि बॅटरीवरून थेट करंट. फ्यूज नव्हता. हँडल वळेल तसतशी ती वायर स्टिअरिंगच्या मानेवर घासत राहिली. वरचं आवरण सोललं, आतलं तांबं चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकलं, झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला तो तुकडा दाखवला. जेमतेम दोन इंच काळा पडलेला. पण त्याला लागूनच गाडीची मूळ वायरिंग होती आणि तिच्यावरचं काळं आवरण मेणासारखं वितळून चिकटलं होतं. आणखी मिनिटभर गेलं असतं तर हेडलाइट आणि इग्निशनची वायरही त्यात गेली असती. पावसात, अंधारात, दरीच्या बाजूला.

काका एवढंच म्हणाले, "ताई, वायर टाकीखालून जायला पाहिजे. गाडी उघडल्याशिवाय हे काम होत नाही."

आज गाडी उघडायची आहे.

(जवळून दृश्य: पुठ्ठ्यावर पेनाने काढलेली गाडीची आकृती.)

काकांचं पहिलं हत्यार पाना नाही, पुठ्ठा आहे. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी गाडीचं ढोबळ चित्र काढलंय. जो स्क्रू जिथून निघेल, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचायचा. दिसायला सगळे सारखेच, पण एकाची लांबी १२ मिलिमीटर, दुसऱ्याची २०. लांब स्क्रू आखूड जागी गेला की आतल्या वायरीत तरी घुसतो, नाहीतर प्लॅस्टिकचा आटा तरी खातो. हे नुकसान त्या दिवशी कळत नाही, महिन्याभराने कळतं.

आधी मागची सीट, मग पुढची. मग बॅटरी. बॅटरीची मायनस वायर आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. गाडीचं सगळं लोखंड मायनसला जोडलेलं असतं. प्लसचा नट सोडवताना पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते. मायनस आधीच सुटलेली असेल तर पाना चेसिसला टेकला तरी काही होत नाही.

मग साइड पॅनल. इथे कॅमेरा थोडा जवळ आणूया, कारण बहुतेक पॅनल इथेच मोडतात. दिसणारा स्क्रू काढला की वाटतं, पॅनल सुटलं. ते सुटलेलं नसतं. पॅनलच्या पाठीला बोंडासारखी टोकं असतात, ती चेसिसवरच्या रबरी बुशात रुतून बसलेली. शिवाय कुठेतरी एक जीभ दुसऱ्या पॅनलच्या खाचेत अडकलेली. काका पॅनलच्या कडेला बोट घालतात, बोंड नेमकं कुठे आहे ते चाचपतात आणि त्याच्या अगदी जवळ धरून सरळ बाहेर ओढतात. टप्प असा आवाज येतो. मग दुसरं बोंड. तिरकं ओढलं की बोंड आतच राहतं आणि पॅनल हातात येतं. रबर कडक झालं असेल तर त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब. पेचकस घालून उचकायचं नाही, कारण त्याचा ओरखडा कायमचा राहतो.

मोठ्या फेअरिंगच्या, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच असलेल्या गाड्यांवर याखेरीज प्लॅस्टिकच्या रिव्हेट असतात. त्यांची मधली टिकली टोकाने हलकीच आत दाबली की रिव्हेट सैल होते. ती टिकली ओढून काढायला गेलेल्या लोकांनी किती रिव्हेट तोडल्या असतील!

पॅनल काढताना मला नेहमी एक जुनी गाडी आठवते. होंडाची गोल्ड विंग, पहिली, १९७५ सालची जीएल १०००. तिची टाकी दिसते तिथे टाकी नव्हतीच. पेट्रोल सीटखाली होतं आणि वर नुसतं टाकीच्या आकाराचं कवच. त्याच्या दोन्ही बाजू कपाटाच्या दारासारख्या उघडायच्या, आत विजेचं सामान, आणि अडीअडचणीला लावायची किकसुद्धा तिथेच ठेवलेली. ज्याने गाडी बनवली, त्याने ती उघडणाऱ्याचा विचार आधी केला होता. तीच गाडी कारखान्यातून मात्र उघडीच यायची, ना वारा अडवणारी काच, ना सामानाच्या पेट्या. अमेरिकेतल्या लोकांनी तिला बाहेरून घेतलेली फेअरिंग लावली, क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर त्यात फार गाजली. १९८० मध्ये होंडाने स्वतःच फेअरिंग आणि पेट्यांसकट इंटरस्टेट काढली. प्रवास करणाऱ्यांनी घरी जे केलं, ते पुढे कारखान्याने केलं.

(टाकीच्या मागच्या बाजूखाली लाकडी ठोकळा सरकवला जातो.)

टाकी पूर्ण काढलेली नाही. मागचा बोल्ट सोडून ती वर उचलली आणि खाली लाकडाचा ठोकळा दिला. पेट्रोलचा पाइप ताणला जात नाही ना, पंपाचं कपलर (वायरींचा जोड) ओढलं जात नाही ना, हे काका वाकून बघतात. आता टाकीखालचा भाग दिसतो: मधून जाणारा चेसिसचा मोठा पाइप आणि त्याच्या कडेने कंपनीने नेलेला वायरिंगचा जुडगा. आपली वायर त्याच वाटेने जाणार. कंपनीने ती वाट विचार करून निवडलेली असते. तिथे इंजिनची झळ कमी आणि घासणारं काही नाही.

आता थोडा हिशेब. हेडलाइटचा बल्ब हॅलोजन, ६०/५५ वॅटचा. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, म्हणजे तो बंद करून वीज वाचवायचा मार्ग नाही. त्यात आपण घालतोय दोन फॉग लाइट, प्रत्येकी १८ वॅट. ग्रिप ३६ वॅट. चार्जर १५. सगळे मिळून ८७ वॅट. चालू गाडीचे साडेतेरा व्होल्ट धरले तर साधारण साडेसहा अँपिअर. ८७ भागिले साडेतेरा, एवढं सोपं गणित आहे. पण ते केल्याशिवाय दुकानात जायचं नाही, कारण वायर किती जाडीची आणि फ्यूज कितीचा, हे त्यावरच ठरतं.

वायर आणि तिच्यावर चढवायच्या स्लीव्ह (नळ्या) तपकीर गल्लीतून आणल्या, रिले आणि फ्यूजचा डबा नाना पेठेतून. लाइटसाठी एक स्क्वेअरची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची वायर. जाऊन-येऊन चार मीटर धरली तरी पाव व्होल्टदेखील पडत नाही. अर्ध्या स्क्वेअरची घेतली असती तर तोटा दुप्पट, आणि वायर तापली असती ती वेगळीच.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. लाइटजवळ लावलेला फ्यूज लाइट वाचवतो, पण बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडीच राहते. ताम्हिणीत जळाली ती नेमकी अशीच मधली वायर होती. फॉग लाइटला ५ अँपिअरचा बदामी फ्यूज, ग्रिपला तसाच दुसरा. दोघांना मिळून एक मोठा फ्यूज लावला असता तरी चाललं असतं, पण एक गेला की दोन्ही बंद. स्पितीतल्या काझाच्या पुढे मला ते नको.

रिलेचं काम समजून घेतलं की अर्धी भीती जाते. रिलेच्या खालच्या बाजूला आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. तीसवर बॅटरीचा करंट फ्यूजमधून येतो, सत्त्याऐंशीवरून लाइटला जातो. पंच्याऐंशी आणि शहाऐंशीमध्ये छोटी कॉइल. तिला इशारा मिळाला की आतला चुंबक पत्ती ओढतो आणि तीस-सत्त्याऐंशी जोडले जातात. हँडलवरच्या स्विचमधून फक्त हा इशारा जातो, लाइटचा पूर्ण भार जात नाही. आणि हा इशारा किल्ली फिरवल्यावरच मिळायला हवा. चार्जर थेट बॅटरीवर ठेवला आणि तो बंद असतानाही २० मिलिअँपिअर खात राहिला, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. बॅटरी ८ अँपिअर-अवरची. गाडी आठवडाभर गावाला उभी ठेवून परत आलात, की सेल्फ मारायला जीव उरलेला नसतो.

इशारा घ्यायचा कुठून? सोपा मार्ग म्हणजे पार्किंग लाइटची वायर सोलायची आणि आपली तिच्यावर पिळायची. काका ते करत नाहीत. त्यांनी त्याच मापाची नर-मादी कपलर आणून मध्ये एक छोटा तुकडा बनवला, ज्यातून एक वायर बाहेर निघते. मूळ कपलर सुटतं, तुकडा मध्ये बसतो, कंपनीच्या वायरला कात्री लागत नाही. उद्या हे सगळं काढायचं ठरलं तर पाच मिनिटांत गाडी होती तशी. बीएमडब्ल्यूने २००४ च्या आर १२०० जीएसपासून गाडीची वायरिंगच कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली, जास्त भार दिसला की तो त्या वायरचा पुरवठा तोडतो. तशा गाड्यांवर सोलून पिळायचा प्रश्नच येत नाही. पण माझ्या साध्या गाडीलाही तोच मान मिळावा असं मला वाटतं. आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या वायरला तर कोणीही हात लावू नये.

(जवळून: थिंबल दाबला जातो. त्यावर स्लीव्ह, मग गरम हवा. स्लीव्ह आक्रसते.)

थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवलाय, सोल्डर केलेला नाही. सोल्डरने तारा कडक होतात, आणि कडक भाग जिथे संपतो तिथे गाडीच्या थरथरीने एकेक तार तुटत जाते. दाबलेल्या थिंबलला काका दोन्ही हातांनी ओढून बघतात. निघाला तर आत्ताच निघू दे.

आता ती जागा. स्टिअरिंगची मान. इथे हँडलवरून स्विच, चार्जर आणि ग्रिप यांच्या वायरी चेसिसमध्ये उतरतात. काकांनी त्यांना कापडी टेप गुंडाळली, वर लवचिक स्लीव्ह चढवली आणि मानेपाशी एक सैल वेढा ठेवला. मग मला म्हणाले, "ताई, हँडल पूर्ण डावीकडे घ्या. आता उजवीकडे." मी पंधरा-वीस वेळा फिरवलं. ते टॉर्च घेऊन खाली बसलेले, नजर त्या वेढ्यावर. डावीकडे तो थोडा ताणला जात होता. टाय कापला, बोटभर वायर पुढे घेतली, पुन्हा बांधलं. "परत फिरवा."

ताम्हिणीत जी वायर जळाली, तिला कोणी ही पाच मिनिटं दिली नव्हती.

दुपारी तीनला मायनस जोडली. किल्ली फिरवली. मल्टिमीटरवर इंजिन बंद असताना १२.७ व्होल्ट. इंजिन चालू, सगळं बंद, १४.१. लाइट, ग्रिप, चार्जर सगळं चालू करून आयडलिंगला ठेवलं तर १३.१, थोडी रेस केली की पुन्हा १३.९. म्हणजे ट्रॅफिकमध्ये ग्रिप बंद ठेवायचे, रस्ता मोकळा झाला की चालू करायचे.

लाइटचा झोत खाली आणि थोडा कडेकडे वळवून घेतला. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा पांढरा उजेड घाटात माणूस मारू शकतो, म्हणून समोरून गाडी आली की हे लाइट मी बंद करते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांचा दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कुठले लाइट चालतील, हे बसवण्याआधीच आरटीओत विचारून घ्यावं.

पॅनल परत बसताना पुठ्ठ्यावरचे स्क्रू एकेक करून संपले. बोंडं रबरात बसल्याचा तोच टप्प आवाज. सहा वाजता गाडी बाहेरून सकाळसारखीच दिसत होती. रिले कुठे आहे, फ्यूज कुठे आहेत, ते सीटखाली कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. सोबत दोन जादा फ्यूज.

(ऑक्टोबर. तीच शेड. गाडीवर धुळीचा थर.)

स्पिती झाली. कुंझुमच्या अलीकडे पहाटे बोटं हलत होती, आणि नकाशा एकदाही बंद पडला नाही. परतल्यावर काकांनी टाकी पुन्हा उचलली, ठोकळा सरकवला आणि टॉर्च मानेवर मारला. वेढ्यावर राखाडी धूळ बसली होती. त्यांनी ती अंगठ्याने पुसली आणि स्लीव्ह चारही बाजूंनी फिरवून बघितली.

"ओरखडा नाही," ते म्हणाले. मागच्या बाजूचा एक टाय सैल झाला होता. तो कापून त्यांनी नवा लावला.