रात्रीची विमानं आणि जरीमरीची झोप

श्रोतेहो, नमस्कार.

कुर्ला-अंधेरी रस्त्यावरच्या जरीमरीत विमान डोक्यावर आलं की माणसं बोलता बोलता थांबतात. ते गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतात. वर कुणी बघतही नाही. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक इथून हाकेच्या अंतरावर. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं, म्हणजे धावपट्टी एक किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम 70 मीटर उंच असतं. जरीमरीवर तर त्याहूनही खाली.

आपल्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा स्थितीत 2018 च्या डिसेंबरात एका दिवसात 1007 विमानांची ये-जा झाली. दर दीड मिनिटाला एक! टॉवरमधल्या नियंत्रकांच्या कौशल्याला मनापासून दाद द्यायला हवी. पण त्या दीड मिनिटाखाली घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ले, जुहू इथली माणसं राहतात.

विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं आणि उडतं. मुंबईत वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून विमानं घाटकोपरकडून उतरतात आणि जुहूवरून समुद्राकडे झेपावतात. 1 जुलै 2019 ला भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं, ती काही दिवस बंद राहिली आणि सगळा भार दुसऱ्या पट्टीवर आला. आवाज तेवढाच, फक्त वस्ती बदलली. कोणाच्या वाट्याला किती आवाज, हे धावपट्टीच्या निवडीवर ठरतं. ती निवड आधी जाहीर करता येते, हे लंडनच्या हीथ्रोनं दाखवलंय. पश्चिमेचा वारा असताना तिथे विमानं उतरवायची धावपट्टी दुपारी 3 वाजता बदलतात. कुठला अर्धा दिवस शांत जाणार, हे खाली राहणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

आपल्याकडे छेदणाऱ्या पट्ट्यांमुळे तशी वाटणी अवघड आहे, हे मान्य. पण रात्रीचं काय?

नियम बघा. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. वर्दळीच्या विमानतळांच्या परिसरासाठी 2018 च्या अधिसूचनेनं ती 65 ठेवली. हा 20 डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट ध्वनिऊर्जा! शिवाय मोजमाप सरासरीचं. झोप सरासरीनं मोडत नाही. पहाटे अडीचला डोक्यावरून गेलेल्या एका विमानानं मोडते, आणि लहान मूल उठलं की सगळं घर उठतं.

युरोपला सकाळी पोहोचायचं तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघावं लागतं, म्हणून रात्री गर्दी होते. तरीही सिडनीनं रात्री 11 ते सकाळी 6 ही वेळ 1995 च्या कायद्यानंच जपली आहे. मोजके अपवाद सोडले तर तिथे त्या वेळेत जेट विमानं उतरत नाहीत. फ्रँकफर्टमध्येही रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणं नाहीत. आपल्याला आजवर दुसरा विमानतळच नव्हता. आता नवी मुंबईहून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथली क्षमता वाढेल तशी मुंबईची मध्यरात्रीची विमानं तिकडे वळवावीत, निदान 1 ते 5 या वेळेतली तरी. रिकामी झालेली ती वेळ नव्या उड्डाणांनी पुन्हा भरू नये, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

मात्र मुंबईची झोप नवी मुंबई विमानतळाशेजारच्या उलव्याकडून उसनी घ्यायची नाही. तिथे आजही इमारती उभ्या राहताहेत. विमानमार्गाखाली शाळा-रुग्णालयांना परवानगी द्यायची का, खिडक्यांना दुहेरी काच सक्तीची करायची का, हे आत्ताच ठरायला हवं. इमारत उभी राहिल्यावर फक्त तक्रार उरते.

आणि तक्रार करायची झालीच, तर 'फार आवाज होतो' एवढंच लिहू नका. तारीख, घड्याळातलं नेमकं मिनिट, विमान कुठून कुठे गेलं, उतरत होतं की चढत होतं, हे लिहा. तेवढ्यावरून ते विमान कोणतं, हे शोधता येतं. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी महिनाभर अशी वही ठेवली, तर उत्तर देणाऱ्याला त्या वहीतल्या एकेका ओळीचं उत्तर द्यावं लागेल.