आतड्याचं विरजण

(फ्रीझरचं दार उघडतं. पांढरी वाफ.)

उणे ८० अंश सेल्सियस. या बाटल्यांत रक्त नाही, लस नाही. आहे ती माणसाची विष्ठा. रुग्णाच्या आतड्यात सोडण्यासाठी तपासलेली, गाळलेली, नंबर टाकून रांगेत लावलेली. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात, विद्यापीठाच्या रुग्णालयात ही बँक चालते.

नाक मुरडलंत? हरकत नाही. शूटिंगच्या पहिल्या दिवशी आम्हीही मुरडलं होतं.

(दाता सायकलवरून येतो. चेहरा दिसत नाही. हातात झाकणाचा डबा.)

याला दाता व्हायला किती चाळण्यांतून जावं लागलं बघा. रक्त तपासलं, शी तपासली. कावीळ, एचआयव्ही, जंत, औषधांना दाद न देणारे जीवाणू. अलीकडे अँटिबायोटिक घेतलं का, परदेशात कुठे जाऊन आलास, वजन किती, घरात कुणाला पोटाचा जुना आजार आहे का. इच्छुक पुष्कळ येतात, टिकतात मोजके. रक्तदान यापेक्षा खूप सोपं.

(काट्यावर डबा. हातमोजे. गाळणी.)

आधी वजन. मग सलाईनमध्ये कालवायचं, गाळायचं. न पचलेला चोथा वर राहतो, जंतू खाली उतरतात. त्यात ग्लिसरॉल, म्हणजे गोठताना जंतूंच्या पेशी फुटत नाहीत. मग बाटली, चिठ्ठी, फ्रीझर.

जातं कुणाकडे? न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक घेतलेल्या एखाद्या आजींकडे. न्यूमोनिया गेला, पण आतड्यातले राखणदारही गेले. ओसाड वाड्यात शिरावा तसा एक जीवाणू आत शिरला. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल, डॉक्टरांच्या तोंडी ‘सी-डिफ’. १९३५ साली सापडला तेव्हा प्रयोगशाळेत वाढवणं जिकिरीचं, म्हणून नावातच ‘अवघड’ आलं. जुलाब थांबत नाहीत. उपाय काय, तर पुन्हा अँटिबायोटिक. जीवाणू मरतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपून राहिलेली त्याची रूपं, तगतात. कोर्स संपला की दुखणं परत हजर.

(नर्स साबणानं हात धुते.)

सॅनिटायझरला हे बीजाणू भीक घालत नाहीत. साबण आणि पाणीच लागतं.

आता विरजणाचं. नासलेल्या भांड्यात कितीही औषध ओता, दही लागणार नाही. शेजारून चमचाभर चांगलं विरजण आणावं लागतं. मग दही-ताकच का नको? कारण दह्यात जंतूंच्या जाती मोजक्या, निरोगी आतड्यात शेकडो. त्यातल्या काही पित्तरसाचं रूपच असं बदलतात, की सी-डिफला वाढता येत नाही. रवंथ बंद केलेल्या गाईला निरोगी गाईच्या पोटातलं पाणी पाजायचं, हे गुरांच्या डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. आणि चीनमध्ये चौथ्या शतकात गे होंग नावाच्या वैद्यानं जीवघेण्या जुलाबावर माणसाचीच विष्ठा पाजायला लिहून ठेवलं होतं.

(जुनं कृष्णधवल छायाचित्र: शस्त्रक्रियागृह.)

१९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आइझमन या सर्जननं असेच जुलाब लागलेल्या चार रुग्णांना विष्ठेचा एनिमा दिला. चौघेही बरे झाले. दुखण्यामागे सी-डिफ आहे हे कळायला १९७८ उजाडलं. पण उपाय हाताशी असून इतका काळ कोपऱ्यात पडून राहिला, याला आमच्या मते किळसच जास्त जबाबदार.

हा उपाय खरंच चालतो का, याचा निकाल २०१३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका चाचणीत लागला. दात्याची विष्ठा मिळालेल्या १६ जणांपैकी १३ पहिल्याच वेळी बरे झाले, उरलेल्या तिघांतले दोघे दुसऱ्या वेळी. नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. फरक इतका उघड होता, की चाचणी मध्येच थांबवली.

२०१९ मध्ये अमेरिकेत पुरेशी न तपासलेली विष्ठा दिल्यानं एक रुग्ण दगावला. तेव्हापासून तपासण्या आणखी कडक झाल्या. २०२३ पासून तिथे विष्ठेतल्या जंतूंची मंजुरी मिळालेली कॅप्सूलही आहे.

(खोली. नाकातून गेलेली बारीक नळी. सिरिंज सावकाश दाबली जाते.)

नळी नाकातून जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी. जीभ वाटेत येतच नाही. आदल्या दिवशी पोट धुऊन रिकामं केलेलं असतं. बाटली वितळवलेली. बस, एवढंच.

(इथून पुढे निवेदन नाही. बागेतला बाक. आजी, त्यांचे यजमान, डब्यातलं सँडविच.)