पाटी कुठे होती?

(कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आधीच सांगून टाकतो. मी वकील असलो तरी चलन रद्द करून घ्यायची युक्ती माझ्याकडे नाही. ती ऐकायला कोणी आलं असेल तर त्यांनी चहा घेऊन निघावं. मी बोलणार आहे ते माझ्या स्वतःच्या ५०० रुपयांबद्दल.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मी स्कूटरवरून घरी येत होतो. रोजचा चौक. नाव सांगत नाही, नाहीतर तुमच्यातलेच दोघं-तिघं म्हणतील, ‘अहो, तिथे उजवीकडे बंदी आहे!’ बंदी होतीच, चार-पाच दिवसांपूर्वी लागलेली. मी वळलो आणि आठव्या दिवशी मोबाइलवर चलन आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११९, म्हणजे वाहतुकीची पाटी न पाळणं, आणि कलम १७७, म्हणजे त्याचा दंड. सोबत फोटो: माझी पाठ, नंबरप्लेट आणि हुकाला लटकणारी मेथीची जुडी. मेथी फारच स्पष्ट आली होती.

बायको म्हणाली, ‘भरून टाका, डोक्याला ताप नको.’ २०१९च्या दुरुस्तीआधी कलम १७७ला १०० रुपयांपर्यंत दंड होता, तेव्हा मीही भरला असता. पण भरलं की कलम २००खाली तडजोड झाली, प्रकरण मिटलं. मग बाजू मांडायला जागा उरत नाही. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते, पण तीही तडजोडच, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. चूक झालेली असेल तर अवश्य जा. मला मात्र पाटी दिसलीच नव्हती.

इथे लोक गफलत करतात. ‘मला माहीत नव्हतं’ याला कायद्यात किंमत नाही. ‘पाटी दिसत नव्हती’ याला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ काय म्हणतं? आदेशात्मक चिन्ह जे दर्शवतं, त्याप्रमाणे चालकानं गाडी चालवावी. आणि असं चिन्ह म्हणजे गोल तबकडी, लाल कडेची किंवा लाल पार्श्वभूमीची. आपल्या गावात दुकानदार पाटीवर वाटेल ते लिहू शकतो, तेवढं स्वातंत्र्य वाहतुकीच्या पाटीला नाही. बॅरिकेडला सुतळीनं बांधलेल्या पुठ्ठ्यावर ‘वळू नये’ असं लिहिलं म्हणून ती तबकडी होत नाही. मात्र चौकात पोलिसानं हात दाखवला तर पाटी असो-नसो, ऐकावंच लागतं. त्याच कलमात तेही आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला भाच्याला घेऊन मी चौकात गेलो. भाचा स्कूटर ढकलत होता, मी सीटवर बसून फोटो काढत होतो. हसू नका, उभं राहून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. स्कूटरवाल्याचे डोळे जिथे असतात तिथूनच काढायला हवा. सत्तर पावलांवरून दिसली गुलमोहराची फांदी. चाळीस पावलांवर फांदी संपते आणि फ्लेक्स सुरू होतो: कुणा भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली तेवीस चेहरे, मी मोजले. दहा पावलांवर फ्लेक्सखालून तबकडीची कड दिसली, करंजीएवढी. तोवर माणूस वळण घेत असतो.

मग मी त्या बंदीचा आदेश मिळवला. पुण्यात असे बदल वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त कलम ११५, ११६, ११७ खाली काढतात. बऱ्याचदा ते प्रायोगिक तत्त्वावर असतात आणि नागरिकांकडून लेखी हरकतीही मागवतात, पण ते वाचतो कोण! आदेश बारकाईनं बघा. कधी बंदी फक्त जड वाहनांना असते, कधी ठरावीक वेळेपुरती. माझ्या आदेशात सगळी वाहनं होती. तो मुद्दा गेला. कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ सांगतो. मला आठव्या दिवशीच आली होती, तोही गेला. राहिली करंजी.

महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार केली, ती नामंजूर झाली. मग कोर्ट. रांगेतले सगळे ‘कबूल’ म्हणत होते. मी ‘नाकबूल’ म्हटल्यावर कारकुनानं चष्मा वर करून बघितलं. तीन तारखा पडल्या, तीन अर्धे दिवस गेले. फोटोंच्या प्रती काढल्या, मोबाइलमधले म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडलं. तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी चाळीस पावलांचा फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘यात पाटी कुठे आहे?’ समोरून उत्तर आलं नाही. सुटलो.

लगेच टाळ्या नकोत. डिसेंबरमध्ये मला दुसरं चलन आलं. सिग्नल लाल असताना मी डावीकडे वळलो होतो. चाळीस वर्षं मी समजत आलो की डावं वळण फ्री असतं. नसतं! तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच. एरवी डावीकडे जाणाऱ्यानंही रेषेमागे थांबायचं. फोटोत लाल दिवा टकटकीत दिसत होता. त्याच संध्याकाळी पैसे भरले. कलम १७७ला पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केलं तर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. पहिल्यातून सुटलो होतो, म्हणून हा माझा पहिलाच गुन्हा ठरला. त्या तीन तारखांमुळे हजार वाचले असं मी घरी सांगतो. घरी पटत नाही.

(‘त्या फ्लेक्सचं काय झालं?’ असा प्रश्न श्रोत्यांतून आला.)

फ्लेक्स उतरला. परवा मुद्दाम जाऊन आलो. फांदी मात्र पुन्हा वाढली आहे, चाळीस पावलांवरून अर्धीच तबकडी दिसते.